लिस्बनचे राजे, वसईच्या घंटा

एडवणचे नाव काढले की माणसे आधी आशापुरी देवीचे देऊळ सांगतात, मग समुद्र. गावच्या कोटाची आठवण क्वचितच निघते. दातिवरे, कोरे, एडवण, मथाणे, दांडा, केळवे, माहीम, शिरगाव असे लहान-मोठे कोट पोर्तुगिजांच्या काळात या किनाऱ्यावर एकामागे एक उभे होते आणि वर तारापूरचा बळकट किल्ला होता. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसईचा मुलूख पोर्तुगिजांना तहात देऊन टाकला. पुढे उत्तरेचा किनाराही त्यांच्या हाती गेला. १७३९ च्या मे महिन्यात वसई पडेपर्यंत, म्हणजे दोनशे वर्षे, इथल्या वाडवळ बागायतदाराचा, मांगेला कोळ्याचा आणि भंडाऱ्याचा राजा लिस्बनला बसत होता.

युरोपच्या संगीताच्या इतिहासात साधारण १६०० ते १७५० या दीडशे वर्षांना बरोक काळ म्हणतात. मोंतेवेर्दीपासून बाख आणि हँडलपर्यंतची सगळी मोठी नावे याच काळातली. ऑपेरा, कोंचेर्तो, ऑरातोरिओ हे प्रकार याच काळात जन्मले. आपल्याकडे या संगीताविषयी लिहिताना ते कुठल्यातरी दूरच्या जर्मन गावातले आहे असेच गृहीत धरले जाते. पण तारखा समोर मांडल्या तर वेगळे दिसते. तो काळ सुरू झाला तेव्हा वसई पोर्तुगिजांची होती आणि तो संपायला अकरा वर्षे उरली असताना ती मराठ्यांची झाली. आणि ज्या राजांच्या हातून हा किनारा गेला, ते युरोपातले सर्वांत संगीतवेडे राजे होते.

पहिला राजा चौथा जुआंव. साठ वर्षे स्पेनच्या ताब्यात राहिल्यावर १६४० मध्ये पोर्तुगाल सुटले आणि हा ब्रागांसाचा ड्यूक गादीवर बसला. त्याला राज्यापेक्षा संगीताची ओढ जास्त होती असे म्हणतात, आणि पुरावा पाहता ते खोटे वाटत नाही. युरोपभरातून त्याने स्वरलिपीचे छापील ग्रंथ आणि हस्तलिखिते मागवली. त्याच्या संग्रहाच्या यादीचा पहिला भाग १६४९ मध्ये छापला गेला, तोच शेकडो पानांचा. त्याच वर्षी त्याने नव्या संगीताच्या बचावासाठी एक पुस्तिकाही प्रसिद्ध केली. स्पेनशी लढाई चालू, पूर्वेकडे डच एकेक ठाणे गिळत आहेत, आणि राजा वाद कशावर घालतो, तर गायनातल्या स्वरमेळावर! मला हा माणूस आवडतो, पण त्याच्या प्रजेपैकी असणे आवडले असते असे नाही.

तो १६५६ मध्ये वारला. पाच वर्षांनी त्याच्या विधवेने मुलगी कॅथरीन हिचे लग्न इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी ठरवले आणि १६६१ च्या करारात मुंबई बेट हुंड्यात दिले. वसईच्या पोर्तुगीज जमीनदारांनी या देण्याला खूप विरोध केला, बेटाचा ताबा देण्याची टाळाटाळ १६६५ पर्यंत चालली. उत्तर कोकणातल्या पोर्तुगीज सत्तेला पहिले भगदाड पडले ते असे, एका संगीतप्रेमी राजाच्या लेकीच्या लग्नात.

मग प्रश्न असा की या राजांचे संगीत इथवर किती आले. दरबारातले काहीच आले नाही. आले ते देवळातले, म्हणजे चर्चमधले. १५०० साली काब्रालचा पोर्तुगीज ताफा कालिकतला पोचला, त्यातल्या फ्रान्सिस्कन पाद्र्यांत एक ऑर्गनवादक होता. म्हणजे हिंदुस्थानात तोफा आणि ऑर्गन वाजवणारे हात जवळजवळ एकाच गलबतातून उतरले. पुढे वसईच्या कोटात सेंट जोसेफचे मोठे चर्च, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन आणि जेझुइट अशा संघांचे मठ उभे राहिले. डॉमिनिकनांचे ठाणे तारापुरातही होते. या मठांत दिवसाचे ठरलेले प्रहर सामूहिक गायनाने पाळायचे असतात. त्यात खंड पडत नाही. जेझुइटांच्या संघाला मात्र असे रोजचे समूहगायन बांधील नव्हते. गंमत अशी की संगीताचा सर्वांत हुशारीने उपयोग केला तो त्यांनीच. धर्मशिक्षणाचे पाठ मुलांना चालीवर म्हणायला लावायचे, म्हणजे मुले ते घरी आणि शेतातही गुणगुणतील, ही त्यांची युक्ती. मिरवणुकीत शारामेला वाजे. हे दुहेरी पातीचे वाद्य आपल्या सनईच्या कुळातले, त्यामुळे इथल्या कानाला ते परके वाटले नसावे.

आणि उलट दिशेनेही काही गेले. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, इथल्या पुराणश्रवणाची गोडी त्याने पाहिली आणि १६१६ मध्ये राशोलला आपले ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत छापले. ते वाचायचे नव्हते, म्हणायचे होते. ऐकणारे बसून ऐकत. आपल्या बाजूला फ्रान्सिश्कु वाझ द गिमारांइश या फ्रान्सिस्कनाने १६५९ मध्ये ख्रिस्ताच्या दुःखसहनावर मराठीत पुराण रचले. वसई-साष्टीकडच्या ख्रिस्ती लोकांत ते पुढे कित्येक पिढ्या टिकले, एकोणिसाव्या शतकात मुंबईत छापलेही गेले. त्याच शतकात जर्मनीत हाइनरिश श्युट्झ हाच विषय जर्मन भाषेत गाण्यासाठी रचत होता. दोघांची अडचण एकच होती: लॅटिन न कळणाऱ्या माणसाच्या गळी ही कथा कशी उतरवायची. श्युट्झने ती आपल्या भाषेत उतरवली. वाझला ती दुसऱ्याच्या भाषेत, त्याच्या छंदात उतरवावी लागली. कठीण काम कोणाचे, हे वाचकाने ठरवावे.

इथे पीएत्रो देल्ला वाल्ले या रोमन प्रवाशाला आणल्यावाचून राहवत नाही. १६२२ च्या मार्चमध्ये रोमने इग्नेशियस लोयोला आणि फ्रान्सिस झेवियर यांना संतपद दिले. झेवियर वसईला येऊन गेलेला माणूस. त्या सोहळ्यानिमित्त रोमच्या जेझुइट विद्यालयात कॅप्सबर्गर नावाच्या संगीतकाराचे एक भव्य संगीतनाटक झाले. त्यात इतर देशांबरोबर हिंदुस्थान हेही एक पात्र होते. ही बातमी समुद्रमार्गे गोव्याला पोचून तिथे उत्सव झाला तो १६२४ मध्ये, आणि तो पाहायला देल्ला वाल्ले हजर होता. गोव्यातही मिरवणुका, सोंगे आणि झेवियरच्या चरित्रावरचे नाटक झाले. देल्ला वाल्ले नुसता हौशी प्रेक्षक नव्हता. तो स्वतः रचना करी, वाद्यांच्या बनावटीत लक्ष घाली आणि पुढे १६४० मध्ये आपल्या काळाच्या संगीतावर त्याने लिहिलेला निबंध आजही अभ्यासक वाचतात. रोममध्ये हिंदुस्थानचे सोंग गात होते आणि हिंदुस्थानात रोमचा उत्सव वाजत होता. दोन्ही ठिकाणी प्रेक्षकांना एकमेकांविषयी नेमके काय ठाऊक होते हा भाग निराळा.

या देवाणघेवाणीचे गोडवे गाताना दुसरी बाजू विसरता येत नाही. १७३६ च्या एप्रिलमध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मन्यायालयाने, एक लांबलचक हुकूम काढला. ख्रिस्ती झालेल्यांनी लग्नात ओव्या म्हणायच्या नाहीत, जुनी वाद्ये वाजवायची नाहीत, विडे वाटायचे नाहीत. ज्या ओवीत स्टीफन्सने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ख्रिस्त सांगितला, तीच ओवी आता गुन्हा. घरात जात्यावर काय गायले जाते यावर पहारा ठेवणारी सत्ता भिऊन गेलेली असते. हुकूम निघाला त्यानंतर वर्ष पुरे व्हायच्या आत मराठे ठाण्याची खाडी उतरले.

आता दुसरा राजा. पाचवा जुआंव हा चौथ्याचा नातू. तो १७०६ ते १७५० राज्यावर होता, म्हणजे वसईच्या मोहिमेच्या वेळी एडवणचा राजा तोच. याच्या नशिबाने ब्राझीलमध्ये सोन्याच्या खाणी सापडल्या होत्या. राजाला मिळणारा सोन्याचा पाचवा हिस्सा लिस्बनला उतरे आणि तिथून तो चर्च, राजवाडे आणि संगीत यांत वाहून जाई. रोमच्या पोपसारखा थाट आपल्याही राजधानीत हवा म्हणून त्याने १७१६ मध्ये लिस्बनच्या धर्मपीठाला पॅट्रिआर्कचा दर्जा मिळवून घेतला, इटलीतून गायक आणले, आपल्याकडची हुशार मुले शिकायला रोमला पाठवली. आणि १७१९ मध्ये त्याने रोममधून दोमेनिको स्कार्लाती याला बोलावून आपल्या चॅपेलचा प्रमुख संगीतकार केले.

स्कार्लाती म्हणजे बाख आणि हँडल यांच्याच वर्षी, १६८५ मध्ये, नेपल्सला जन्मलेला. हार्पसिकॉर्डसाठी त्याने लिहिलेल्या साडेपाचशेवर छोट्या रचनांना आज सोनाटा म्हणतात. काही मिनिटांत संपणाऱ्या, पण हातांना घाम फोडणाऱ्या. लिस्बनला राजकन्या मारिया बार्बरा हिला शिकवण्याचे कामही त्याच्याकडे होते. तिचे १७२९ मध्ये स्पेनच्या युवराजाशी लग्न झाले आणि गुरू तिच्यामागे स्पेनला गेला, तो मरेपर्यंत तिच्याजवळ राहिला. पण जुन्या धन्याला विसरला नाही. १७३८ मध्ये जुआंवने त्याला सरदारकीचा मान दिला, आणि लगोलग लंडनहून स्कार्लातीचे तीस सोनाटांचे पुस्तक निघाले, ते जुआंवलाच अर्पण केलेले. त्याच सुमारास वसईच्या पोर्तुगिजांना पुरेशी शिबंदी, दारूगोळा आणि पैसा मिळत नव्हता. गोव्याहून मदत अपुरी येत होती. लिस्बनहून मोठी कुमक घेऊन नवा व्हाइसरॉय निघाला आणि १७४१ मध्ये पोचला, तोवर वसईला भगवा लागून दोन वर्षे झाली होती. ब्राझीलच्या सोन्याचा बारीकसा हिस्सा इकडे वळवला असता तर काय झाले असते, हा प्रश्न पोर्तुगीज इतिहासकारांनी विचारावा. आपल्याला त्या दुःखात भाग घेण्याचे कारण नाही.

या राजाचे सर्वांत मोठे वेड होते लिस्बनजवळचे माफ्रा. राजवाडा, मठ आणि चर्च अशी ती अवाढव्य इमारत. चर्चचे उद्घाटन १७३० मध्ये झाले. तिच्या दोन मनोऱ्यांत दोन कॅरिलॉन बसवले आहेत. कॅरिलॉन म्हणजे सुरात लावलेल्या घंटांचा संच, जो खाली बसून पट्ट्यांवर मुठी मारून पेटीसारखा वाजवता येतो. एक संच आन्टवर्पच्या ओतकाऱ्याने केला, दुसरा लीएजच्या. आख्यायिका अशी की एका संचाची प्रचंड किंमत ऐकून मंत्री कचरले, तेव्हा राजा म्हणाला, एवढे स्वस्त असेल तर दोन घ्या. खरे-खोटे देव जाणे, पण दोन संच तिथे आहेत हे खरे. लिस्बनचा राजा घंटांवर सोने उधळत होता आणि त्याच्या उत्तर कोकणातल्या घंटा थोड्याच वर्षांत देशावर जाणार होत्या.

मराठ्यांची वसईची मोहीम १७३७ च्या मार्चमध्ये सुरू झाली. ठाणे आणि साष्टी लवकर पडले, वसई आणि उत्तरेची ठाणी मात्र चिवट निघाली. माहीमवर पहिल्या खेपेला मराठ्यांना माघार घ्यावी लागली. एडवण-दांड्याजवळचा भवानगड याच मोहिमेत, तिचे सेनापती चिमाजी अप्पा यांच्या बाजूने उभा राहिला. १७३९ च्या जानेवारीत सगळा जोर उत्तरेकडे लागला. माहीम, केळवे, शिरगाव, डहाणू एकामागे एक आले. तारापूर सर्वांत कठीण गेले. तटावर चढताना मराठ्यांचे सरदार बाजी भिवराव रेठरेकर पडले. पेशव्यांच्या घरी त्या मृत्यूचे दुःख फार खोल गेले.

नेमक्या त्याच जानेवारीत, १६ तारखेला, लंडनच्या हेमार्केटमधल्या राजनाट्यगृहात हँडलच्या ‘सॉल’ या ऑरातोरिओचा पहिला प्रयोग झाला. (इंग्लंडचे पंचांग तेव्हा पोर्तुगालच्या अकरा दिवस मागे होते. वसईच्या शरणागतीला एका पुस्तकात ५ मे आणि दुसऱ्यात १६ मे दिसते तेही याच कारणाने. जानेवारी मात्र दोन्ही हिशेबांनी जानेवारीच राहतो.) या रचनेसाठी हँडलला साधे नगारे पुरेनात. त्याने लंडनच्या टॉवरमधून तोफखान्याचे मोठे नगारे मागून आणले. ते लढाईत फ्रेंचांकडून जिंकलेले होते. शिवाय त्याने एक खास वाद्य करवून घेतले: पट्ट्या दाबल्या की हातोड्या घंटांवर पडतात असे. राजा सॉल मत्सराने वेडा होतो, त्याचे कारण म्हणजे तरुण दावीदच्या विजयाने हर्षभरित झालेल्या बायकांचे गाणे, आणि त्या गाण्यातच ह्या घंटा किणकिणतात. शेवटी सॉल रणांगणावर पडतो, तेव्हा वाजते ती शोकयात्रेची धून इंग्लंडमध्ये पुढे राजे आणि सेनापती यांच्या अंत्ययात्रांत वाजत राहिली.

लुटीचे नगारे, विजयाच्या घंटा आणि पडलेल्या योद्ध्याचा शोक, हे तिन्ही लंडनमध्ये रंगमंचावर होते. तारापुरात ते प्रत्यक्ष होते. हँडलला तारापूर ठाऊक नव्हते आणि चिमाजी अप्पांना हँडल. या योगायोगातून कुठलेही गूढ काढायचे नाही. पण युद्धाचा आवाज कसा असतो याविषयी त्या काळाची समज दोन्हीकडे एकच होती, एवढे तरी यातून कळते.

फेब्रुवारीपासून वसईला मोर्चे लागले. मेच्या सुरुवातीला सुरुंग उडाले, तट फुटला, दोन दिवस हातघाई झाली आणि पोर्तुगीज अधिकारी कायतान द सौझ परेर याने तह मागितला. कलमे उदार होती. पोर्तुगीज शिबंदीने शस्त्रांसह, निशाणे फडकावत आणि ढोल वाजवत बाहेर पडावे, हे त्यातले एक. युरोपच्या युद्धरीतीत हा मोठा मान समजत. हरलेल्याने मुकाट निघून जायचे की वाजत जायचे, यावर त्याची अब्रू ठरे. तेव्हा वसईच्या कोटातला पोर्तुगीज काळाचा शेवटचा आवाज ना ऑर्गनचा होता ना प्रार्थनेचा. तो ढोलाचा होता, आणि तो वाजवायची परवानगी मराठ्यांनी दिलेली होती.

घंटा मात्र वाजत गेल्या नाहीत, त्या लुटीत गेल्या. इथे एक गोष्ट आपल्याकडे सहसा सांगितली जात नाही. जिंकलेल्या शहराच्या घंटा उचलणे हे मराठ्यांनी काढलेले खूळ नव्हते. युरोपातच जुना रिवाज असा होता की शहर पडले की तिथल्या घंटांवर जिंकणाऱ्याच्या तोफखाना-प्रमुखाचा हक्क; गावाने दंड भरून त्या सोडवून घ्यायच्या, नाहीतर त्या वितळवल्या जायच्या. कारण सरळ होते. घंटा आणि तोफ एकाच धातूच्या, तांबे आणि कथील यांच्या. घंटेत कथील पाचव्या हिश्शापर्यंत किंवा थोडे वर, तोफेत दहाव्या हिश्शाच्या आसपास. आणखी तांबे मिसळले की घंटेची तोफ होते. बरोक काळात युरोपातल्या असंख्य घंटा अशाच तोफा होऊन संपल्या. मराठ्यांनी वसईच्या घंटा ओतशाळेत घातल्या नाहीत, देवळांत टांगल्या. लूट ती लूटच, पण घंटेच्या दृष्टीने पाहिले तर ती वाचली.

आज त्या कुठे आहेत? नाशिकला गोदाकाठी नारोशंकराचे मंदिर आहे, १७४७ मधले. त्याच्या घंटेवर १७२१ हे साल आहे. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर, नाना फडणविसांच्या वाड्यामागे, जी घंटा आहे तिच्यावर मेरी आणि बाळ येशू यांची आकृती आणि १७०७ साल. नसरापूरच्या बनेश्वरला १६८३ सालची. भीमाशंकरला एक. आणखी कितीतरी गावे आपली घंटा वसईची असल्याचे सांगतात. त्यातली एखादी साष्टीची किंवा रेवदंड्याची असण्याचाही संभव आहे.

या सालांकडे संगीताच्या बाजूने पाहावे. बनेश्वरची घंटा ओतली तेव्हा बाखचा जन्म व्हायला दोन वर्षे होती. मेणवलीची ओतली त्या वर्षी बावीस वर्षांचा हँडल रोममध्ये होता आणि पोपच्या नगरीसाठी लॅटिन स्तोत्रे रचत होता, जरी तो स्वतः प्रॉटेस्टंट. आणि नारोशंकराच्या घंटेचे साल १७२१ म्हणजे तेच, ज्या वर्षीच्या मार्चमध्ये बाखने सहा कोंचेर्तोंची सुवाच्य प्रत करून ब्रांडेनबुर्गच्या मारग्राफला पाठवली. त्या सहांना आज जग ब्रांडेनबुर्ग कोंचेर्तो म्हणून ओळखते. त्या वर्षी ते कोणी वाजवले असतील तर कोथेनच्या दरबारातल्या मूठभर माणसांनी ऐकले. आपल्या घंटेचा श्रोतृवर्ग तेव्हाही मोठा होता आणि आजही आहे.

घंटेला वाद्य म्हणायला आपण बिचकतो. पण युरोपात सतराव्या शतकात तिचे शास्त्र झाले ते संगीतशास्त्र म्हणूनच. उट्रेख्टचा याकोब फान आइक हा जन्मांध वादक घंटेवर ओठ नेऊन शीळ घाली आणि तिच्या पोटातला कुठला स्वर कुठे दडला आहे ते ओळखी. त्याच्या सल्ल्याने हेमोनी बंधूंनी १६४४ मध्ये झुट्फेनला पहिला नीट सुरात लावलेला संच केला. आतून धातू खरवडून एकेक उपस्वर जागेवर आणायचा, अशी ती रीत. चांगल्या चर्चघंटेत एक टोला पडला की पाच स्वर ठळकपणे ऐकू येतात: आपल्या भाषेत सांगायचे तर खालचा षड्ज, मधला षड्ज, कोमल गंधार, पंचम आणि तार षड्ज. तो कोमल गंधारच घंटेला तिची उदास गोडी देतो. सगळ्या घंटा हेमोनींच्या तोडीच्या नव्हत्या, वसईकडच्या तर नसतीलच. तरी कोमल गंधार कमी-जास्त प्रमाणात त्यांच्या घडणीतच आहे. पण देवळात तो नीट ऐकू येत नाही. चर्चची घंटा मनोऱ्यात उंच टांगलेली, तिचा आवाज कोसभर पसरून मऊ होऊन कानी यायचा. देवळात ती डोक्यापासून हातभर वर असते आणि आपण तिच्याखाली उभे राहून टोला देतो, म्हणजे कानावर आदळतो तो फक्त धातूचा खणखणाट. मेणवलीला घाटाच्या खालच्या पायरीवर उभे राहून दुसऱ्याला टोला द्यायला सांगावे. दोन-तीन सेकंदांनी खणखणाट विरतो आणि खालचा स्वर वर येतो.

लिस्बनचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. पाचवा जुआंव १७५० मध्ये, बाखच्याच वर्षी, वारला. त्याच्या मुलाने टॅगस नदीकाठी डोळे दिपवणारे ऑपेरागृह बांधले. १७५५ च्या वसंतात त्याचे उद्घाटन झाले ते दाविद पेरेसच्या ‘आलेस्सांद्रो नेल्लिंदिए’ने, म्हणजे हिंदुस्थानात आलेल्या सिकंदराच्या ऑपेराने. रंगमंचावर खरे घोडे आणले होते. वसई जाऊन सोळा वर्षे झालेली, आणि लिस्बनचा दरबार मखमली खुर्च्यांवर बसून हिंदुस्थान जिंकल्याचे गाणे ऐकत होता! सात महिने गेले. १ नोव्हेंबर १७५५ ला भूकंप झाला, लाटा आल्या, आग लागली. ऑपेरागृह गेले आणि चौथ्या जुआंवने जन्मभर जमवलेला संगीतसंग्रहही गेला. पोर्तुगालच्या बरोक संगीतातला फार मोठा भाग त्या एका सकाळी नाहीसा झाला. कार्लुश सैशाश या लिस्बनच्या गुणी ऑर्गनवादकाने शेकडो सोनाटा लिहिल्याचे सांगतात, त्यांतले शंभरेक हाती आहेत.

म्हणजे राजांचे संगीत जळाले, आणि टिकले ते गरिबांकडे गेलेले. गोव्यात प्रत्येक चर्चला शाळा होती आणि शाळेत स्वरलिपी व व्हायोलिन शिकवणारा मेस्त. ही व्यवस्था राज्याच्या चढउतारांतून विसाव्या शतकापर्यंत चालली. माजोर्ड्याच्या चर्चमधल्या अशाच एका मेस्ताचा मुलगा अँथनी गोन्साल्विस मुंबईला आला, हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात मानाने वाजवू लागला आणि प्यारेलाल त्याच्याकडे व्हायोलिन शिकले. वसईत मठ ओस पडले, पण वैतरणेच्या दक्षिणेकडच्या गावांतली चर्चेस गोव्याच्या देशी पाद्र्यांनी सांभाळली, म्हणून तिथे गाण्याची परंपरा उरली. वैतरणेच्या उत्तरेला, एडवणपासून तारापूरपर्यंत, ती साखळी तुटली. तिथे कोटांचे दगड आहेत, संगीत नाही.

आता राहिल्या घंटा. त्यांच्याकडे आपण विजयाची निशाणी म्हणून पाहतो, ते योग्यच आहे. तारापूरच्या तटावर माणसे मेली होती. पण त्यांच्यावरचा मजकूर कोणी ओळीने वाचून नोंदवलेला नाही अशा घंटा गावोगाव आहेत. कुठे त्यांना तैलरंग फासला आहे, कुठे साल खरवडून गेले आहे, कुठे नवा लोळ बसवताना कड तडकली आहे. ज्यांच्या गावी अशी घंटा असेल त्या विश्वस्तांना आणि वाचकांना एवढेच सांगणे आहे: तिला रंग देऊ नका, घासून चकचकीत करू नका. पातळ कागद लावून वर पेन्सिल फिरवा आणि अक्षरांचा ठसा घ्या, तोंडाचा व्यास आणि कडेची जाडी मोजा, लांबून आणि जवळून एकेक टोला फोनवर मुद्रित करा, आणि ते सगळे जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाकडे किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे पाठवा.